साक्षीदार भिंत

लोकांच्या घरात पाणी शिरतं तेव्हा आमच्या घरात चूल पेटते. ऐकायला वाईट वाटतं, पण डॉक्टरचंही तसंच असतं आणि त्याला कोणी नावं ठेवत नाही. पाइप फुटला, टाकी वाहिली, छत गळलं की लोक आम्हाला बोलावतात. आम्ही साचलेलं पाणी उपसतो, फुगलेल्या फळ्या काढतो, पंखे आणि ओल ओढणारी मशीन लावतो आणि घर पुन्हा राहण्याजोगं करून देतो. ही कंपनी माझ्या नवऱ्याने उभी केली. दीड वर्षापूर्वी एका कामावर तो शिडीवरून उतरला, "जरा बसतो" म्हणाला आणि बसल्या जागी गेला. मी तेव्हा ऑफिसात फोन घेत होते. तेव्हापासून कंपनी मी आणि माझा दीर चालवतो.

दिराचं नाव कामगारांनी 'सरासरी' ठेवलंय. त्याला ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही. विमा कंपनी आम्हाला दर तिमाहीला एक तक्ता पाठवते. फोन आल्यावर किती वेळात पोचलात, घर किती दिवसांत सुकवलंत, किती घरांत पुन्हा जावं लागलं आणि शेजारच्या रकान्यात इतर सगळ्या कंपन्यांची सरासरी. त्याला बेंचमार्क म्हणायचं. दीर तो तक्ता दहावीचा निकाल लागल्यासारखा वाचतो. माझा नवरा त्याच तक्त्यावर चहाचा कप ठेवायचा.

या वेळी तक्त्याबरोबर धमकीही आली होती. घर सुकवण्याची आमची सरासरी चार दिवसांच्या आत आली नाही, तर विमा कंपनीच्या कंत्राटदारांच्या यादीतून आमचं नाव कमी होणार होतं. आमची बहुतेक कामं त्या यादीतूनच येतात. नाव गेलं की कंपनी गेली, इतकं ते सरळ होतं. दिराने सगळ्यांना घोड्यावर बसवून पळवलं आणि सरासरी कशीबशी काठावर आणली. तिमाहीचं शेवटचं घर तेवढं राहिलं होतं. ते चार दिवसांत सुकलं तर आम्ही वाचणार होतो.

ते घर एका म्हाताऱ्या फोटोग्राफरचं होतं. आयुष्यभर स्टुडिओ चालवून आता घरी बसलेले, एकटेच राहणारे. आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो. वरच्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनचा पाइप निसटला होता आणि काकांच्या बाहेरच्या खोलीत, मधल्या बोळात आणि स्वयंपाकघरात पाणी उतरलं होतं. मागची खोली मात्र वाचली. तिचं दार बंद होतं आणि उंबरा उंच होता. त्या खोलीत काकांची बायको वर्षभर आजारी पडून होती आणि सहा महिन्यांपूर्वी तिथेच गेली होती.

आमच्या कामाची एक पद्धत इथे सांगायला हवी. भिंत सुकली हे ठरवायचं कशावरून? प्रत्येक घराची वीट वेगळी, चुना वेगळा, हवा वेगळी. म्हणून त्याच घरातली पाण्याने न शिवलेली एक भिंत निवडायची, तिला ओल मोजायचा मीटर लावायचा आणि तिचा आकडा त्या घराचा बेंचमार्क धरायचा. बाकीच्या भिंती त्या आकड्याला आल्या की घर सुकलं. माझा नवरा त्या भिंतीला साक्षीदार म्हणायचा. दिराने पहिल्या दिवशी मागच्या खोलीत जाऊन पलंगामागची भिंत साक्षीदार म्हणून धरली. कोणीही तेच केलं असतं.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाजातच पेढा होता.

"वहिनी, सुकलं. सगळ्या भिंती साक्षीदाराच्या आकड्याला आल्या. तू फक्त ये आणि सही कर. एक दिवस आधी, कळतंय का तुला?"

मी गेले. मशीन बंद होती, दीर वायरी गुंडाळत शीळ घालत होता. सही करण्याआधी मी स्वयंपाकघराच्या भिंतीला हाताची मागची बाजू लावली. मीटर आमच्याकडे नंतर आला, हात आधीपासून आहे. भिंत गार होती. नुसती गार नाही, आतून गार. तीन दिवसांपूर्वी छतापासून खालपर्यंत भिजलेली भिंत इतक्यात सुकत नाही, हे मला ठाऊक होतं आणि खरं तर दिरालाही होतं. मी मीटर घेतला आणि मागच्या खोलीत गेले.

साक्षीदारच भिजलेला होता. पहिल्या दिवशीचा आकडाच मुळात जास्त होता आणि आता तो त्याहूनही वर चढला होता. रंग मात्र जागच्या जागी. डाग नाही, फुगवटा नाही, बुरशीचा ठिपका नाही. डोळ्यांना ती घरातली सगळ्यात स्वच्छ भिंत दिसत होती. ओल्या भिंतीशी तुलना करून आम्ही ओलं घर कोरडं ठरवलं होतं.

"कुठून येतंय पाणी?" मी दिराला विचारलं.

"या भिंतीत पाइप नाहीये, वहिनी. पलीकडे जिना आहे, तोही कोरडा. वर पाहून आलो, खाली पाहून आलो."

पाणी वरून येतं, खालून येतं, बाहेरून येतं, नाहीतर पाइपातून येतं. पाचवी वाट मला माहीत नव्हती. मी पेटीतून थर्मल कॅमेरा काढला. हा कॅमेरा उजेड बघत नाही, ऊब बघतो. कोरडी भिंत पिवळसर दिसते, ओली भिंत निळी आणि जिवंत माणूस कंदिलासारखा. मी तो पलंगामागच्या भिंतीवर धरला.

पडद्यावर पिवळी भिंत आली आणि तिच्यावर निळी आकृती. डोकं, मान, एक खांदा, खाली घसरलेली पाठ. पलंगावर उशी उभी करून, भिंतीला टेकून कोणी बसावं तशी. एक हात खाली सोडलेला, बोटंसुद्धा मोजता येतील इतका स्पष्ट. मी कॅमेरा खाली केला तर समोर नुसती स्वच्छ भिंत. पुन्हा वर केला तर ती बसलेली होतीच. दीर माझ्या खांद्यावरून बघत होता आणि त्याची शीळ कधीच थांबली होती.

"ओल पसरते कशीही," तो हळूच म्हणाला. "ढगांतही चेहरे दिसतात."

"ढगाला बोटं असतात का रे?"

काका दारात उभे होते हे आम्हाला तेव्हा दिसलं. बारीक अंगाचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले, हातात कपबशी. त्यांनी कप ठेवला, चष्मा वर केला आणि माझ्या हातातल्या पडद्यात पाहिलं. घाबरले नाहीत. धंदेवाईक माणूस दुसऱ्याचं काम बघतो तसं त्यांनी ते चित्र बघितलं.

"छान आलाय," ते म्हणाले. "मी जन्मभर लोकांचे फोटो काढले. ही कधी नीट बसली नाही. कॅमेरा दिसला की उठायची, म्हणायची दूध उतू जाईल. लग्नाच्या फोटोतही हिची पाठच आहे."

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"झोपतो ना मी इथे," ते म्हणाले आणि खोकले. खोकला खोल होता. ते वळले तेव्हा मला त्यांची पाठ दिसली. इस्त्रीचा शर्ट डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत ओला होता.

बाहेरच्या खोलीत दिराने मला कोपऱ्यात घेतलं. "वहिनी, मला काही दिसलं नाही आणि तुलाही काही दिसलं नाही. पॉलिसीत वरून आलेलं पाणी आहे, पाइपातलं आहे. वारलेल्या माणसाचं नाही. नियमाप्रमाणे साक्षीदार धरला, नियमाप्रमाणे आकडे जुळले. विमावाल्यांना आकडे हवेत, ते आपल्याकडे आहेत. कर सही."

"आणि स्वयंपाकघर? महिन्याभरात काळं पडेल."

"तेव्हा बघू. दादाची कंपनी आहे गं ही."

हे त्याने बोलायला नको होतं. नवऱ्याचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं. पण तो खोटंही बोलत नव्हता. दिराला दोन मुली आहेत, आमच्याकडे सात कामगार आहेत आणि माझ्याकडे नवऱ्याची म्हणावी अशी ही एकच गोष्ट उरली आहे. मी म्हटलं, अजून एक दिवस हातात आहे, उद्या सांगते. त्याने वायरी पुन्हा सोडल्या आणि मशीन चालू केली. प्लग मात्र जरा जोरातच खुपसले.

त्या दिवशी घरी आल्यावर मला भीती वाटत होती असं सांगितलं तर ते अर्धंच खरं होईल. मला राग येत होता. त्या म्हाताऱ्याचा, त्याच्या बायकोचा, भिंतीचा. त्याची आली होती. सहा महिने भिंतीला टेकून बसली होती. माझा दीड वर्षात एकदा नाही. स्वप्नात नाही, आवाजात नाही, त्याच्या कपड्यांनासुद्धा आता नुसता कपाटाचा वास येतो. त्याच्या कंपनीपायी मी हाडाची काडं केली आणि त्याला एकदा डोकावायला झालं नाही. मेलेल्या माणसावर रुसून बसणं हा मूर्खपणा आहे हे मला कळतं. तरी मी रुसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच गेले. सही करायचीच, असं ठरवून गेले होते. काकांना ती हवी होती, दिराला सही हवी होती, मला कंपनी हवी होती. सगळ्यांचं भलं होत असताना मी कोण लागून गेले होते?

काका मागच्या खोलीत पलंगावर बसले होते, भिंतीला टेकून. मी म्हटलं शेवटचा एक फोटो घेते, कामाच्या कागदांत लागतो. कॅमेरा धरला. भिंतीवर निळी आकृती होती आणि तिच्या शेजारी काका. त्यांचा उजवा गाल पिवळा होता, उजवा हात पिवळा होता. डावा खांदा, डावा दंड, मानेची एक बाजू निळी. भिंत कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो ते पडद्यावर कळत नव्हतं. जिवंत माणूस त्या कॅमेऱ्यात मी कधीच असा पाहिला नव्हता.

"काका, उठा तिथून."

"का?"

"तुम्ही गार पडताय. ती तुम्हाला नेतेय."

"मग नेऊ दे," ते म्हणाले, कोणी बाजारातून भाजी नेऊ दे म्हणावं इतकं सहज. "तुमची सही राहिलीये ना? करा आणि जा. घर सुकलंय म्हणून तुमचा तो भाऊ काल सांगत होता."

"दीर आहे माझा. आणि घर सुकलेलं नाही."

"मला चालतंय ओलं."

मी कागद बाहेर काढला होता. पेनही काढलं होतं. ते पलंगावर ठेवायला मी खाली वाकले आणि माझी नजर जमिनीवर गेली. पलंगाच्या पायांनी फरशीवर ओरखडे काढले होते. एक नाही, पुष्कळ, एकापुढे एक, दारापासून खिडकीच्या दिशेने. पहिल्या दिवशी दिराने खोलीचा साधा फोटो काढला होता, तो माझ्या फोनवर होता. त्यात पलंग भिंतीच्या मधोमध होता. आता त्याची उशी खिडकीच्या चौकटीला लागत आली होती. मी कॅमेऱ्यातलं कालचं चित्र उघडून आजच्याच्या शेजारी धरलं. आकृतीही सरकली होती. काल ती समोर तोंड करून टेकलेली होती. आज तिची पाठ काकांकडे होती आणि डोकं खिडकीकडे.

मी पलंगाच्या कडेला बसले.

"काका, ती तुम्हाला नेत नाहीये. ती जातेय. तुम्ही पलंग सरकवताय तिच्यामागे."

काकांनी वाकून पलंगाच्या पायाकडे बघितलं.

"सरकवता ना?"

"सरकवतो," ते म्हणाले. "रोज थोडी पुढे जाते. रोज सकाळी बघतो तर हाताला लागत नाही. मग ओढतो पलंग. जड आहे, पण ओढतो."

"तिला जायचंय."

"तिला नेहमीच जायचं असायचं. दूध उतू जातंय म्हणायची." त्यांनी भिंतीवर हात फिरवला. मग माझ्याकडे बघितलं आणि एकदम तिखट झाले. "तुम्हाला काय कळणार? तुमचं कोणी गेलंय?"

"नवरा."

"येतो?"

"नाही."

"मग तुम्हाला हेवा वाटतोय."

"वाटतोय," मी म्हटलं. "काल घरी जाऊन मी भांडी आपटली. माझा एकदा जरी असा येऊन बसला असता तर मी पलंग काय, अख्खं घर ओढलं असतं. पण काका, तो पाठ फिरवून खिडकीकडे निघाला असता आणि मी त्याला धरून ठेवलं असतं, तर तो माझ्यावर चिडला असता. तुमची नाही चिडणार?"

त्यांनी कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला. मी दिला. ते दोन्ही चित्रं बराच वेळ आलटून पालटून बघत राहिले, अंगठ्याने मागे, पुढे, मागे. फोटो बघण्यात त्यांची हयात गेली होती. पाठमोऱ्या आकृतीवर येऊन त्यांचा अंगठा थांबला आणि त्यांचं तोंड लहान मुलासारखं वाकडं झालं.

"किती दिवस लागतील सुकायला?" त्यांनी विचारलं.

"जितके लागतील तितके."

सही न केलेला कागद मी घडी घालून पर्समध्ये टाकला. दिराला फोन केला आणि सांगितलं की साक्षीदार खोटा होता, आकडे रद्द, सगळी मशीन मागच्या खोलीत आण. तो म्हणाला, "वहिनी, तू बुडवलंस आपल्याला." मी म्हटलं हो. त्याने फोन ठेवला आणि अर्ध्या तासात मशीन घेऊन हजर झाला. सरासरी पोचण्यात कधीच मागे पडत नाही.

पलंग आम्ही दोघांनी उचलून बाहेरच्या खोलीत नेला. काकांनी त्यावर झोपायला नकार दिला, खुर्चीत बसूनच राहिले. पण त्यांची पाठ दुसऱ्या दिवशी कोरडी होती आणि नंतर खोकलाही उतरत गेला. मशीन रात्रंदिवस चालत होती. मशीनच्या टाकीत पाणी जमायचं, मी ओतून द्यायचे. ते पाणी नुसतं पाणी होतं, त्याला ना वास होता ना रंग. तरी ओतताना मी नळ बारीक सोडावा तसं हळू ओतायचे आणि दीर तेवढ्यापुरता दुसरीकडे बघायचा.

भिंत कडेकडेने सुकत गेली. पाठ गेली, मग खांदा, मग मान. चार दिवस केव्हाच उलटून गेले. स्वयंपाकघर सुकलं, बोळ सुकला, बाहेरची खोली सुकली. खिडकीच्या चौकटीपाशी तेवढा तळव्याएवढा निळा ठिपका राहिला. तोच हात, फक्त आता खाली सोडलेला नव्हता. चौकटीला धरलेला होता.

त्या दुपारी काका आत आले आणि न विचारता त्यांनी तिथे आपला हात ठेवला. हाताखाली वारं जात नाही आणि वारं गेलं नाही तर भिंत सुकत नाही. गिऱ्हाइकाला बाजूला करा, हे आमच्याकडे नव्या कामगाराला पहिल्या दिवशी शिकवतात. मी पंख्याचं तोंड दुसरीकडे वळवलं आणि फरशीवर बसले.

"कधी काढू?" त्यांनी विचारलं.

"तुमचं झालं की."

दीर दारात येऊन उभा राहिला. हातात फोन होता. "विमावाल्यांचा निरोप आला," तो म्हणाला. "यादीतून नाव काढलंय, वहिनी." मी मान हलवली. तो भांडेल असं मला वाटलं होतं. त्याने एकदा काकांच्या हाताकडे बघितलं, मग आत आला आणि त्यांना नीट ऐकू यावं म्हणून की काय, मशीनही बंद करून टाकली. खोलीत इतकी शांतता गेल्या कित्येक दिवसांत नव्हती. तो माझ्याशेजारी फरशीवर बसला, पाय लांब करून, त्याच्या भावासारखा.

काका भिंतीशी काही बोलले. आम्हाला ऐकू आलं नाही आणि ते आमच्यासाठी नव्हतंही. मग त्यांनी हात काढला. मी मीटर लावला. भिंत कोरडी होती, घरातल्या कुठल्याही भिंतीइतकी. काकांनी तळवा वळवून आमच्यापुढे धरला. तो ओला होता, धुतल्यासारखा. त्यांनी तो पुसला नाही, मूठ मिटली.

"मला निरोप तरी घेता आला," ते मला म्हणाले. "तुम्हाला तेवढंही मिळालं नाही, पोरी."

मला पोरी म्हणणारं माणूस कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. दीड वर्षात मी रडले नव्हते. फोन वाजत होते, घरं भिजत होती, वेळच नव्हता. त्या दिवशी मी माझ्या नवऱ्यासाठी मोठ्याने रडले, परक्या माणसाच्या घरात, भर कामाच्या वेळेत. माझ्या दिराने मला थांबवलं नाही, आणि थोड्या वेळाने तोही रडायला लागला.